हुंकाराचा देश

जपानविषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. फुजीचा हिमाच्छादित माथा, वसंतातील चेरीचा बहर, घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या आगगाड्या, हिरोशिमाचे शांतिउद्यान, ह्या साऱ्यांची वर्णने वाचतच आपल्या घरांतील दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्या वर्णनांत आणखी एकाची भर घालावी असा ह्या लेखाचा हेतू नाही. गेल्या वर्षी शरद ऋतूत तीन आठवडे नागोया शहरात आणि त्याच्या आसपास राहण्याचा योग आला. बडोद्याजवळच्या एका कारखान्याला पत्र्याचे भाग दाबून काढणारी यंत्रे, ज्यांना आपले कामगार नुसते ‘प्रेस’ म्हणतात, विकत घ्यावयाची होती. त्या मंडळींबरोबर सल्लागार म्हणून मी गेलो होतो. कामाच्या निमित्ताने जे पाहावयास मिळाले त्यात मनात घर करून राहिली ती एकच गोष्ट : त्या देशातील माणसे दुसऱ्याचे बोलणे ऐकतात कसे.

ऐकण्यात पाहण्यासारखे ते काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु जेथे भाषा कळत नाही तेथे कानाचे काम डोळ्यांना करावे लागते. मानेचा कल, हातांची जागा, श्वासाचा आवाज, बोलण्यामधली गप्प राहण्याची घटका, ह्यांवरच सारी भिस्त असते. आणि कारखाना चालविणाऱ्या माणसाने ह्या खुणा चुकीच्या वाचल्या तर काय होऊ शकते, हे त्या तीन आठवड्यांत अगदी जवळून दिसले.

नागोयाची बैठक

नागोया हे लोकसंख्येने जपानमधील चौथ्या क्रमांकाचे शहर. तोकुगावा इएयासूने १६१० मध्ये येथे किल्ला बांधावयास घेतला. त्याच्या मुख्य वाड्याच्या छपरावर बसविलेले सोन्याचे दोन मत्स्य ही आजही शहराची खूण आहे. १९४५ च्या मे महिन्यातील विमानहल्ल्यात तो वाडा जळून गेला, आणि आज बाहेरून दिसते ती इमारत १९५९ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलेली. टोकियोची झगमग येथे नाही, क्योटोची पुरातन शोभाही नाही. रुंद, सरळ रस्ते, भोवताली कारखानेच कारखाने, आणि सकाळी आठाच्या आत कामाला लागलेली माणसे, असे हे गाव आहे. आपल्याकडच्या उद्योगनगरीत वाढलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटते.

यंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या कचेरीत पहिली बैठक झाली. यजमानांनी उभे राहून दोन्ही हातांनी आपापली नावपत्रे दिली आणि आमची दोन्ही हातांनी घेतली. घेतलेले पत्र खिशात कोंबावयाचे नसते. ते वाचावयाचे, आणि मग समोरची माणसे ज्या क्रमाने बसली असतील त्याच क्रमाने टेबलावर मांडून ठेवावयाचे. पाहुण्यांना दारापासून सर्वांत दूरची जागा देण्यात आली. दाराजवळ बसला तो त्यांच्यातील सर्वांत तरुण अभियंता. आपल्या घरी जेवणावळीत आजोबांचा पाट कोठे आणि वाढप्याने उभे राहावयाचे कोठे, हे न सांगता ठरलेले असते, तसेच हे. कोणाचा शब्द अखेरचा, हे एक अक्षर न बोलता त्या खुर्च्यांनी आम्हांला सांगून टाकले होते.

आमच्या बाजूने खरेदीचे अधिकारी बोलू लागले. मोठे हुशार गृहस्थ. घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारा सबंध औद्योगिक वसाहतीत कोणी नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्याला पलीकडून मान डोलत होती आणि ‘हाय्, हाय्’ असा उच्चार येत होता. ‘हाय्’ म्हणजे हो, एवढे जपानी आम्ही सारेच शिकून गेलो होतो. संध्याकाळी त्यांनी बडोद्याला फोन करून सांगितले, “सगळ्या अटी मान्य झाल्या. एकाही मुद्द्याला नाही म्हणाले नाहीत.”

आमच्याबरोबर दुभाषी म्हणून पुण्याच्या एक बाई होत्या. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन कित्येक दशकांपासून चालू आहे आणि त्या शाळेत तयार झालेली ही मंडळी आज जपानभर दिसतात. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, अजून एकही मुद्दा मान्य झालेला नाही. ते ‘हाय्’ म्हणत होते, म्हणजे ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढेच. तुम्ही बोलणे थांबवल्यावर ते काय म्हणाले, ते महत्त्वाचे.”

“मग काय म्हणाले?”

“विचार करतो म्हणाले. आणि एका मुद्द्याला मात्र स्पष्ट नाही म्हणाले.”

तो मुद्दा असा होता. ह्या यंत्रांच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा एक पडदा असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, परंतु कामगाराचा हात त्यातून आत गेला की यंत्र जागच्या जागी थांबते. हा पडदा वगळून यंत्र दिल्यास किंमत उतरेल आणि पडद्यापायी यंत्र वारंवार अडणार नाही, असा आमच्या खरेदी अधिकाऱ्यांचा हिशेब होता. त्यांनी तसे सुचविताच समोरच्या वयस्क अभियंत्यांनी दातांतून ‘स्सऽऽ’ असा श्वास आत ओढला, मान एका बाजूला कलती केली, कागदाकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, “चोत्तो मुझुकाशी देस् ने.” म्हणजे, हे जरा कठीण आहे. त्यानंतर अर्धा मिनिट कोणी बोलले नाही. आपल्याकडे अर्धा मिनिट शांतता म्हणजे शोकसभा. आमच्या अधिकाऱ्यांना ती सोसवेना. ‘जरा कठीण’ म्हणजे ‘थोडे वाढवून द्या’ असा बाजारातला अर्थ त्यांनी लावला आणि त्या अर्ध्या मिनिटात स्वतःच दोनदा किंमत चढविली. समोरून कोणी मागितलीही नव्हती!

जपानमध्ये तोंडावर ‘नाही’ म्हणणे हे समोरच्याचा अवमान करण्यासारखे समजतात. म्हणून नकार हा श्वासात, मानेच्या कलात, ‘जरा’ ह्या शब्दात आणि नंतरच्या स्तब्धतेत ठेवलेला असतो. तो शोधून काढणे हे ऐकणाराचे कर्तव्य. बोलणाराने स्पष्ट बोलावे असे आपण मानतो. ऐकणाराने नीट ऐकावे असे ते मानतात. बैठकीत डोळे मिटून बसलेले वडीलधारे अधिकारी पाहून पाहुण्यांना वाटते, ह्यांना डुलकी लागली. तशी ती कधी लागतही असेल, परंतु पुष्कळदा ते डोळे मिटलेले असतात ते कान उघडे राहावेत म्हणून. आपल्याकडे बैठकीच्या गाण्यात जाणकार श्रोता डोळे मिटून बसतो, त्याला कोणी झोपला म्हणत नाही.

सेकी गावची ऐरण

बोलणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या ह्या ‘हाय्’, ‘ए’, ‘सो देस् ने’ अशा प्रतिसादांना जपानी भाषेत ‘आयझुची’ असे नाव आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मानाने जपानी श्रोता हे प्रतिसाद कितीतरी अधिक वेळा देतो, असे भाषाअभ्यासकांनी मोजून दाखविले आहे. दूरध्वनीवर आपण क्षणभर असे काही न म्हणता ऐकत राहिलो, तर पलीकडचा माणूस काळजीने ‘मोशी मोशी?’ म्हणून विचारतो. त्याला वाटते, संबंध तुटला.

हा शब्द आला कोठून, ते पाहावयास एका रविवारी सेकी ह्या गावी गेलो. नागोयाच्या उत्तरेस, गिफू प्रांतात, नागारा नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. सातशे वर्षांहून अधिक काळ येथे तलवारी घडविल्या जात आहेत. आज तेथे चाकू, कात्र्या, वस्तरे आणि नखे काढण्याची साधने बनतात, पण पारंपरिक रीतीने तलवार घडविण्याचे प्रात्यक्षिक तेथील लोहारकामाच्या संग्रहालयात ठरावीक दिवशी अजून दाखवितात.

पांढऱ्या वेषातील मुख्य कारागीर भट्टीजवळ बसला होता. डाव्या हाताने सांडशीत धरलेला पोलादाचा लालबुंद तुकडा त्याने ऐरणीवर ठेवला. समोर लांब दांड्याचे घण घेऊन साथीदार उभे. कारागिराच्या उजव्या हातात लहानशी हातोडी. त्याने ती जेथे टेकविली तेथे घण पडला, जरा बाजूला टेकविली तर तेथे पडला. त्याने ऐरणीच्या कडेवर टकटक केले आणि घण थांबले. तोंडातून एक शब्द नाही. ठिणग्या उडत होत्या, आणि एकाचा ठोका संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा, अशी लय बांधली गेली होती. एकमेकांना जोडून आलटून-पालटून घातलेले हे घाव, हाच ‘आयझुची’चा मूळ अर्थ. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या ठोक्याला दिलेला जोडठोका.

ते पाहताना वाटले, ह्याला आपल्याकडे शब्द आहे. आपल्या आज्या रात्री गोष्ट सांगताना मुलांना ‘हुंकार द्या रे’ म्हणत. हुंकार थांबला की गोष्ट थांबे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी जी’ करतात, तो हुंकारच. झीलकरी शाहिराच्या प्रत्येक मताशी सहमत असतो, असे कोणी म्हणणार नाही. तो कथेला धरून आहे, एवढेच त्याचे म्हणणे. हीच गोष्ट नागोयाच्या बैठकीतल्या ‘हाय्’ची. हुंकाराला होकार समजले की घोटाळा झालाच.

हातमोजा

सोमवारी सकाळी त्या वयस्क अभियंत्यांनी आम्हांला कचेरीत न बसविता थेट कारखान्यात नेले. तेथे पडदा बसविलेले एक यंत्र चालू होते. त्यांनी कामगाराचा जाड हातमोजा चिंध्यांनी भरून एका काठीला बांधला आणि ती काठी यंत्राच्या तोंडात सरकविली. यंत्र थांबले. पुन्हा सरकविली, पुन्हा थांबले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी पडदा बंद केला आणि काठी तिसऱ्यांदा पुढे केली. यंत्र खाली आले. आवाज फारसा झाला नाही. तो चपटा झालेला हातमोजा त्यांनी काढला, आमच्या खरेदी अधिकाऱ्यांसमोरच्या बाकावर दोन्ही हातांनी, आदल्या आठवड्यात नावपत्र दिले होते तसाच ठेवला, आणि कमरेत किंचित वाकून बाजूला उभे राहिले.

कोणी काही बोलले नाही. ह्या खेपेला शांतता आमच्या बाजूनेही पाळली गेली. थोड्या वेळाने आमचे अधिकारी म्हणाले, “पडद्यासह द्या.” दुभाषी बाईंनी ते जपानीत सांगितले तेव्हा उत्तरादाखल पुन्हा ‘हाय्’ आले. पण हे ‘हाय्’ वेगळे होते. त्याच्या पाठोपाठ वही उघडली गेली आणि तारीख लिहिली गेली. यंत्रे तीन महिन्यांत मिळावीत ही आमची अपेक्षा होती, तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. ती त्यांनी एक दिवसही न चुकविता पाळली.

बडोद्याच्या त्या कारखान्यात आता ही यंत्रे चालतात. त्यांच्यासमोर उभ्या असणाऱ्या मुलांपैकी कोणालाही ह्या प्रसंगाची माहिती नाही, आणि ती असण्याचे कारणही नाही. त्यांची दहाही बोटे जागेवर राहण्याचा प्रश्न एका श्वासाचा अर्थ नीट लागतो की नाही ह्यावर काही दिवस टांगलेला होता, एवढे आपण लक्षात ठेवावे.

यंत्राचे ऐकणारी माणसे

नागोयात जुन्या सूतगिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत टोयोटा उद्योगसमूहाने १९९४ मध्ये उघडलेले एक संग्रहालय आहे. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांनी ते अवश्य पाहावे. मोटारी पुष्कळ आहेत, पण जीव गुंततो तो मागांत. साकिची टोयोडा ह्या सुताराच्या मुलाने १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग तेथे चालवून दाखवितात. त्याची खुबी अशी की, एक धागा जरी तुटला तरी माग आपोआप थांबतो. त्यामुळे खराब कापड विणले जात नाही आणि एका माणसाला अनेक मागांवर लक्ष ठेवता येते. १९२९ मध्ये इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स ह्या विख्यात कंपनीने ह्या मागाचे हक्क विकत घेतले.

पुढे मोटारींच्या कारखान्यात हेच तत्त्व माणसांना लागू झाले. कामाच्या रांगेवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. काही बिघडलेसे वाटले तर कोणीही कामगार, अगदी नवशिकासुद्धा, ती दोरी ओढू शकतो. दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि वेळीच प्रश्न सुटला नाही तर सारी रांग थांबते. त्या दिव्याच्या फलकाला ‘आंदोन’ म्हणतात. मूळ अर्थ कागदाचा कंदील. दोरी ओढणाऱ्याला दटावणे हा तेथे मोठा अपराध समजतात. कारण एकदा दटावले की तो पुन्हा दोरी ओढणार नाही, आणि मग बिघाड ऐकावयास कोणीच उरणार नाही. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे एक शिल्पकार ताइइची ओनो हे तर कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून अधिकाऱ्याला त्यात तासन्‌तास उभे करीत आणि समोर जे चालले आहे ते नुसते पाहावयास सांगत. सूचना द्यावयाच्या नाहीत, टिपणे वाचावयाची नाहीत. पाहावयाचे.

बैठकीत निर्णय का होत नाही, ह्याचेही उत्तर येथेच मिळते. ‘नेमावाशी’ हा मूळचा माळ्यांचा शब्द. मोठे झाड दुसरीकडे हलवावयाचे असेल तर माळी कित्येक दिवस आधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणतो, मुळे गोळा करून बांधतो, आणि मगच झाड उचलतो. कारखान्यातील कोणताही बदल असाच आणतात. बैठकीच्या आधी एकेका माणसाकडे जाऊन, चहा घेत, त्याचे म्हणणे ऐकून घेतलेले असते. बैठक म्हणजे झाड उचलण्याचा दिवस. पाहुणे थेट त्या दिवशी कुदळ घेऊन येतात आणि मुळे का तुटली म्हणून विचारतात.

स्टेशनावर तर शरीराची भाषा स्वतःशीच चाललेली दिसते. पांढरे हातमोजे घातलेला गाडीचा चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो काय आहे ते मोठ्याने उच्चारतो. गार्डही फलाटाकडे बोट करून तसेच करतो. प्रथम पाहणाऱ्याला हसू येते. पण १९९४ मध्ये तेथील रेल्वे संशोधन संस्थेने घेतलेल्या चाचणीत, साध्या कामातील चुका शंभरामागे २.३८ होत्या त्या बोट दाखवून उच्चार केल्याने ०.३८ वर आल्या. डोळा, हात, तोंड आणि कान ह्या चौघांची साक्ष घेतली की मनाला फसवणे अवघड होते. संध्येतील आचमन-न्यास करणाऱ्या आपल्या आजोबांना ह्यात नवे काही वाटले नसते.

क्योटोतील लहान दार

नागोयाहून क्योटो वेगवान गाडीने अवघ्या पस्तीस-छत्तीस मिनिटांवर. तेथील र्योआन्‌जी मंदिरातील दगडांची बाग सर्वश्रुत आहे. पांढऱ्या वाळूत पंधरा दगड आहेत, पण ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा दगड नजरेआड राहतोच. बागेचा कर्ता कोण आणि त्याचा हेतू काय ह्याबद्दल मते अनेक आहेत, परंतु बैठकीहून आलेल्या माणसाला ती आपल्यासाठीच मांडलेली वाटते. आपल्या जागेवरून सारे दिसते, असे मानणाऱ्याने तेथे एकदा बसून यावे.

त्याहून अधिक शिकविते ती चहाची खोली. सोळाव्या शतकातील चहाचार्य सेन नो रिक्यू ह्यांनी ह्या विधीला जे साधे रूप दिले, ते आजतागायत चालू आहे. खोलीचे दार जेमतेम सव्वादोन फूट उंच. आत जावयाचे तर गुडघ्यांवर येऊन, मस्तक लववूनच जावे लागते. तलवार बाहेर ठेवावयाची. सरदार असो वा व्यापारी, दाराला सारे सारखे. आत गेल्यावर शब्द फार थोडे. किटलीतील पाण्याचा आवाज ऐकावयाचा. त्या आवाजाला ‘पाइनमधला वारा’ असे सुंदर नाव आहे. यजमान पात्र ज्या बाजूने समोर ठेवतो ती त्याची दर्शनी बाजू, पाहुणा ते फिरवून मग ओठाला लावतो. एवढ्या हालचालींत ‘मी तुमचा मान ठेवतो’ हे दोघांनीही सांगून झालेले असते. पण इतिहासाची गंमत पाहा : ऐकण्याचे असे घर बांधणाऱ्या ह्या रिक्यूंनाच १५९१ मध्ये त्यांचा आश्रयदाता हिदेयोशी ह्याच्या आज्ञेने प्राण द्यावे लागले. सत्ता रुसली की कोणतेही दार तिला लववू शकत नाही.

न बोलण्याची किंमत

हे सारे वाचून जपानी माणसे ऐकण्यात सिद्ध झाली आहेत, अशी समजूत होऊ नये. जेथे नकार शब्दांत सांगावयाचा नसतो तेथे तो कधी कधी सांगितलाच जात नाही. ‘हवा वाचणे’ असा त्यांच्या भाषेत वाक्प्रचार आहे. चार माणसांत बसले असता वाऱ्याचा रोख ओळखून गप्प राहावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रात अनर्थ झाला. त्याच्या चौकशीसाठी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात हा अपघात मानवनिर्मित ठरविला. आयोगाचे अध्यक्ष कियोशी कुरोकावा ह्यांनी इंग्रजी आवृत्तीच्या प्रास्ताविकात आपल्याच समाजाच्या सवयींवर बोट ठेवले : वरिष्ठांना प्रश्न न विचारणे, आज्ञेपुढे आपोआप मान तुकविणे, गटाला धरून राहणे. ज्या देशाने कामगाराच्या हातात रांग थांबविणारी दोरी दिली, त्याच देशात वरच्या मजल्यावर मात्र ती दोरी कोणी ओढली नाही.

आणि परक्यांनी लावलेल्या अर्थाची किंमत कधी कधी त्याहूनही भयंकर असते. २६ जुलै १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांनी पॉट्सडॅमचा जाहीरनामा काढून शरणागती मागितली. दोन दिवसांनी पंतप्रधान कांतारो सुझुकी ह्यांनी वार्ताहरांपुढे त्यासंबंधी ‘मोकुसात्सु’ हा शब्द वापरला. ‘तूर्त मौन पाळतो’ इथपासून ‘तुच्छतेने दुर्लक्ष करतो’ इथपर्यंत त्याचे अर्थ होऊ शकतात. जगभर दुसरा अर्थ गेला. ६ ऑगस्टला हिरोशिमावर अणुबाँब पडला. शब्द वेगळा असता तर ते टळले असते काय, ह्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि तो दोष एका शब्दावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण दोन अर्थांचा शब्द संकटकाळी किती महाग पडू शकतो, ह्याचे स्मरण मात्र त्यामुळे राहते.

आपल्या दारी

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपली ती प्रसिद्ध मान, दोन्ही खांद्यांकडे हलकेच डोलणारी! ‘हो’, ‘बरे’, ‘कळले’, ‘पाहू या’, ‘चालू द्या’, एवढे सारे ती एकदम सांगते. जपानी पाहुण्याला ती स्पष्ट नकारासारखी वाटते. बल्गेरियात तर मान खाली-वर हलली की नाही आणि आडवी हलली की हो, अशी जुनी रीत. उलट काही खुणा मात्र आपल्या आणि जपानच्या जुळतात. तळवा जमिनीकडे करून बोटे हलविली की आपल्याकडे त्याचा अर्थ ‘ये’, तिकडेही तोच, पण युरोपातील माणूस ‘जा’ समजून चालू लागतो. नागोयाच्या दक्षिणेस तोकोनामे नावाचे कुंभारांचे गाव आहे. दुकानादुकानांत दिसणाऱ्या, पंजा वर करून बोलावणाऱ्या मांजरीच्या मूर्ती तेथे घडतात. त्या मांजरीचा पंजा पाहून आमच्यातील एक गृहस्थ म्हणाले, “ही तर अगदी आमच्या मावशीसारखी बोलावते!” ‘मी’ म्हणताना मात्र आपण छातीवर हात ठेवतो, जपानी माणूस स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवितो.

गुजरातेत हन्सलपूरला सुझुकीच्या मोटारींचे उत्पादन २०१७ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून जपानी अभियंते आपल्या भागात नित्य दिसू लागले. त्यांच्या हाताखाली, त्यांच्या जोडीने आणि त्यांच्या देशातही आपली मुले-मुली काम करीत आहेत. त्यांच्यासाठी ह्या प्रवासातून दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

‘होईल ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘ह्यातील कोणती पायरी सर्वांत अवघड जाईल?’ असे विचारावे. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे आणि ‘हेच ना?’ म्हणून थांबावे. तो थांबला तर ती जागा भरण्याची घाई करू नये, त्या जागेतच पुष्कळदा उत्तर असते. जे चारचौघांत विचारून मिळत नाही ते दुसऱ्या दिवशी एकट्याला, चहाच्या पेल्यावर विचारावे. बैठकीत सर्वांत धाकट्याला आधी बोलू द्यावे, वडीलधाऱ्यांनी आधी मत दिले की धाकट्यांकडे फक्त हुंकार उरतो. आणि जे ठरले ते त्याच दिवशी कागदावर आणून दोघांनी वाचावे.

हे शहाणपण आपल्याला अगदीच परके नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी दुसऱ्याची भाषा नुसत्या शब्दांपुरती शिकलेली नाही. बडोद्याचा व्यापारी ‘जोईशुं’ म्हणतो तेव्हा ते बघणे किती दिवसांचे, हैदराबादचा मित्र ‘परसों’ म्हणतो तेव्हा तो दिवस नक्की कोणता, बेळगावच्या बाजारात कानडी शेतकऱ्याची मान कोणत्या किमतीला हलते, माळव्यातल्या ‘हाँ, हाँ’मधले दुसरे ‘हाँ’ पहिल्याहून हळू का आले, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते. व्यवस्थापनाचे वर्ग त्यांच्या काळी नव्हते. परमुलखात घर करावयाचे तर आधी कान द्यावे लागतात, हे त्यांनी रोजच्या व्यवहारातून जाणले.

गंमत अशी की, बाहेर इतके जपून ऐकणारे आपण घरात मात्र अर्धे वाक्य ऐकून उत्तर देतो. सून ‘चालेल’ म्हणते, मुलगा ‘बघतो’ म्हणतो, म्हातारी आई ‘मला काही नको’ म्हणते, आणि आपण तो होकार धरून पुढे जातो. ‘चालेल’च्या आधी तिने श्वास घेतला होता का, ‘बघतो’ म्हणताना त्याची नजर कोठे होती, ‘काही नको’ म्हणताना आईचा हात कशावर होता, हे पाहण्यासाठी जपानला जावे लागत नाही. कारखान्यात असो की माजघरात, वडीलधाऱ्या माणसाचा पहिला अधिकार बोलण्याचा असतो असे आपण धरून चालतो. त्याचे पहिले कर्तव्य ऐकण्याचे आहे. घरातल्या सर्वांत धाकट्यानेही दोरी ओढावी आणि ती ओढली म्हणून कोणी दटावू नये, एवढी सोय प्रत्येक घरात असावी.